याच दिवशी, कास्तेल्व्हारोत

एक ओळ.
"याच दिवशी, कास्तेल्व्हारोत, ऑस्पेरियस, बिशप."
बस्स. पुढच्या ओळीत दुसऱ्याच गावचे
तीन भाऊ तेलात उकळले जातात,
त्यांना मात्र अर्धं पान.

अठ्ठावीस वर्षं मी जमीनमोजणी खात्यात काढली.
बांध कुणाचा, विहीर कुणाची,
मेलेल्यांच्या सह्या ओळखणं हाच धंदा.
निवृत्त झाले तेव्हा फादर इलारिओ म्हणाले,
"ओरेत्ता, आपल्या संताचं काहीतरी लिही,
सणाला चार पानं वाटू."
मला वाटलं, एका हिवाळ्याचं काम.

हा सातवा.

चरित्र आहे तसं. वासराच्या कातड्यावर,
कडा उंदरांनी वाचून संपवलेल्या.
लांडग्याने बैल खाल्ला
म्हणून संताने लांडगाच जुंपला नांगराला.
गावाला तोंडपाठ. बेकरीवाला अदेल्मो
सणाला लांडग्याच्या आकाराचे पाव भाजतो,
शेपट्या दर वर्षी करपतात.
लहानपणी मी शेपटीच आधी खायची.

मग एका फेब्रुवारीत, शेगडीवर पाय शेकत,
बाविसाव्या पानावर अडले.
ऑस्पेरियस, ऑस्पेरियस, ऑस्पेरियस, आणि मध्येच
"तेव्हा पुण्यात्मा गॉडिलो म्हणाला".
कोण गॉडिलो?
नक्कल करणाऱ्याने दुसऱ्याच कुणाचं आयुष्य उचललं होतं,
नाव तेवढं बदलत गेला,
आणि एका जागी, अंधारून आलं असेल,
बोटं गारठली असतील,
विसरला.

लांडगा गेला.
नांगर गेला.
निवलेलं वादळ पुन्हा उठलं.
ती आंधळी मुलगी, बाराव्या पानावरची,
पुन्हा आंधळी झाली,
आणि हे मी केलं, शेगडीशेजारी बसून.

वेदीखालची पेटी उघडली तेव्हा
पोतेन्झाहून डॉक्टरबाई आल्या होत्या, हातमोजे घालून.
मांडीची हाडं दोन, दोन्ही डावी,
त्यातलं एक बाईचं.
घंटा वाजवणारा नुन्झियान्ते म्हणाला,
"दोन्ही पाय डावे, मग जाणार कुठे?
म्हणून तर इथेच राहिला."

आणि मग, नेपल्सच्या एका वाचनालयात,
जेवायला उठणारच होते तेवढ्यात,
कुठल्याशा धर्मसभेच्या निवाड्याखाली
एक्केचाळीस बिशपांच्या सह्या
आणि सगळ्यात शेवटी, दाटीवाटीने:
"मी, डीकन फेलिचिसिमस, माझे बिशप ऑस्पेरियस यांच्या वतीने.
त्यांचं खेचर लंगडं झाल्यामुळे ते वाटेत थांबले आहेत."

खेचर!
मी इतक्या मोठ्याने म्हणाले
की समोरचा विद्यार्थी दचकला.
लांडगे चोरतात लोक, वादळं चोरतात.
लंगडं खेचर कुणी
कुणाच्या चरित्रातून चोरत नाही.

निवाडा मात्र नंतर वाचला, परतीच्या बसमध्ये.
एका म्हाताऱ्या पाद्र्याला
मीठ-पाण्यासकट गावाबाहेर काढण्याचा होता तो.
कुणी त्याला भाकर देऊ नये,
कुणी दार उघडू नये.
एक्केचाळीस जणांची खेचरं धडधाकट होती.

आता हे कसं मोजायचं?
खूर खरंच दुखत होता,
की खाणावळीच्या अंगणात कुणी एक माणूस
धडधाकट जनावराच्या पायाला
फडकं गुंडाळत बसला होता,
सावकाश, सभा उरकेपर्यंत?
आणि मग डीकनला तरी का पाठवलं?
सही तर झालीच.
नाव तर लागलंच.

फादर इलारिओ विचारतात, किती पानं झाली.
अदेल्मो विचारतो, लांडगे भाजू ना यंदा?
भाज म्हटलं.

रविवारी भाच्याची गाडी घेऊन जुन्या चढावर गेले,
जिथे वाट अरुंद होते आणि दगड सुटे आहेत.
सवयीने पावलं मोजली. दोनशे सहा.
मग बसले.
खाली दरीत कुणाची तरी घंटा वाजत होती,
बहुतेक शेळीची,
चालताना एक ठोका चुकत होती.