तरतरीत

भिवापूरच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान.
सातबारा, हमीपत्र, जातीच्या दाखल्याचे अर्ज
आणि दिवाळी सरली की लग्नाचे बायोडाटे,
वीस रुपयांत, वर बुद्ध किंवा गणपती,
जसं गिऱ्हाईक.

नाकासाठी माझ्याकडे शब्द ठरलेले :
तरतरीत. धारदार. नाकीडोळी नीट.
डीएड, बीएड असेल तर ‘शार्प फीचर्स’,
त्याचे पाच रुपये जास्त नाही घेत.
अकरा वर्षांत या तालुक्यातलं
एकही नकटं माणूस
माझ्या प्रिंटरमधून निघालेलं नाही.

आम्ही शब्द विकणारे, शब्दांकडे पाहत नाही.
घराणं मोठं झालं की नाक वर का जातं,
अब्रू तिथेच का राहायला गेली,
गुडघ्यात का नाही, कोपरात का नाही,
मुरडायचं तर नाक, कापलं गेलं तर नाक,
घासायचं तेही नाकच,
आणि सोवळं फारच वाढलं
तर हात रिकामे ठेवून
कांदेसुद्धा नाकानेच.

परवा सातऱ्यावरून सुटून सुकेशनी शेंडे आली.
दिवसभर मिरचीचे देठ खुडलेली बोटं,
ओढणीत तिखट.
ती दारात, अन् मी तीनदा शिंकलो.
“लिहा जी : नाक बसकं. माह्या बापासारखं.”
मी म्हटलं, तरतरीत टाकतो, सगळेच टाकतात.
“कायले? पाहाले येतीन तवा
नाक का घरी ठेवून बसू?”

मग पडद्याकडे पाहून,
“शार्प म्हंजे काय?”
धार असलेलं, मी म्हटलं.
“मंग कापते का काई?”

सांगता सांगता तिनं सांगितलं,
फुशारकी नव्हती, घाम पुसत होती :
पोत्यांची थप्पी लागली की मालक तिलाच बोलावतो.
ती पोत्याच्या शिवणीला नाक लावते.
हे वाळलं. हे वाळलं.
हे वरून लाल, आतून ओलं,
बुडाशी बुरशी धरली आहे याच्या.
मालक तेव्हा चार हात लांब,
सरळ नाकावर रुमाल दाबून.
सातऱ्यावर साऱ्यांचीच नाकं गळतात, म्हणाली,
त्याची गाडीत बसल्यावर गळते.

मी टाइप केलं : बसकं.
मशीननं खाली लाल नागमोडी रेघ ओढली.
तिनं विचारलं, चुकलं का?
नाही, म्हटलं, याला माहीत नाही.
तीन प्रती घेतल्या तिनं,
एक मामाकडे, पवनीला,
दोन अशाच.

कोणी पाहायला आलं का, जमलं का,
मला ठाऊक नाही. ती पुन्हा आली नाही,
किंवा आली असेल झेरॉक्सला
आणि मी जेवायला गेलो असेन.

त्या संध्याकाळी तिच्या नोटा मोजल्या
आणि सवयीनं हात चेहऱ्यावरून फिरवला.
बोटांत तिखट होतं.
माझं नाक,
माझ्या बायोडाट्यात बापानं ‘राजस’ लिहवून घेतलेलं,
ज्याच्याकडे त्यानंतर कोणी पाहिलंही नाही,
रात्री अकरापर्यंत
पेटत राहिलं.
बायको म्हणाली, पाणी लावा.
पाण्यानं आणखीच.