चार ठोके

फेरो बेटांवर, सप्टेंबरात,
काळं कापड डोक्यावर ओढून
रान्वा दुधी काचेवर बघते:
समुद्र वर, आभाळ पायाशी,
मेंढ्या खुरांनी छताला चिकटलेल्या,
आणि कडा वटवाघळासारखा लोंबतोय.
तीस वर्षं झाली.
आता तिला सुलटंच जरा चुकल्यासारखं वाटतं.

मग धुकं येतं. बसतं.
लांबच्या नातलगासारखं
उठायचं नाव घेत नाही.
तिवईला दगडांची पिशवी,
खिशात गार बटाटा, प्लेटा उरल्यात दोन.

होग्नी कुंपण ठोकायला वर येतो, ओठांत खिळे.
"काय मिळालं?"
"धुकं."
"ते तर घरपोच येतं आमच्याकडे."
एकही खिळा न सांडता हसतो.

आणि अवचित, कुणाला न विचारता
कडा उघडतो.
उन्हाची एक चिंधी
गवतावरून घसरत खाली निघते.
"सरक" म्हणायला वेळ नाही.
ती शटर उघडते.
घड्याळ बघायला नजर मोकळी नाही,
पण त्याचा हातोडा चालू आहे:
एक. दोन. तीन. चार.
बंद.

रात्री लाल दिव्याखाली
कडा आला, समुद्र आला,
गवताचं पातं न् पातं टोकदार.
कुंपणापाशी तेवढा एक पुसट डाग
माणसाच्या उंचीचा;
हात कुठला, हातोडा कुठला, कळेना.

अशा प्लेटा ती पूर्वी खरवडून टाकायची.

ही तिनं वाळत घातली,
आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं:
भिंग नेहमीचं. वारा वायव्येचा.
वेळ, चार खिळे.