पासंग

सांगलीच्या बाजारात मी काटे तपासायचो.
मण-शेर नुकते गेले होते, किलो अजून जिभेवर बसले नव्हते.
खांद्याला पितळी वजनांची पेटी, खिशात शिक्का,
आणि नाव असं की दर नव्या अडत्याला दोनदा सांगावं लागे:
हनोख. हनोख बिन्यामिन वाक्रूळकर.
"म्हणजे कुठले तुम्ही?"
"शनवारचे."
तेवढ्यावर भागायचं.

सकाळी आधी रिकामी पारडी बघायची.
कुठलाच काटा जन्मतः सम नसतो,
हलक्या बाजूला खडा बांधावा लागतो.

वडिलांचा कोकणात घाणा.
शुक्रवारी दिवेलागणीच्या आत बैल सोडायचे
आणि तेलाचे हात पुसत सांगायचे:
चुकणाऱ्याला तोंडावर सांग, नाहीतर त्याची चूक तुझ्या खाती.
आणि माणूस तोलशील तेव्हा झुकतं माप दे.
"यातलं आधी कुठलं?" मी विचारलं होतं.
त्यांनी बैलाला पेंड टाकली.

भूपाल चौगुले, मापाडी.
हळदीचं पोतं पारड्यात चढलं
की त्याचा डावा गुडघा खालून टेकायचा
आणि पोतं दीड किलोनं हलकं व्हायचं.

पहिल्या दिवशी म्हटलं, तोल गेला असेल.
दुसऱ्या दिवशी, वय झालंय, गुडघा धरला असेल.
मग कळलं, मुलीचं लग्न ठरलंय;
मी मनातल्या मनात त्याला आणखी मूठभर सूट दिली.
'काटा मारतोय' हे शब्द मी ओठांपर्यंत येऊच दिले नाहीत.
सूट देताना किती बरं वाटतं माणसाला!
घरी जाऊन मी पोटभर जेवायचो.

आणि समडोळीचा कुणी
पोत्यामागे दीड किलो इथेच सोडून
गाडी जुंपून परत निघालेला.
त्याला झुकतं माप कोणी द्यायचं
हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं.

दारफाळणीचा सण आठ दिवसांवर आला.
त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून, दार लावून उपाशी बसतो.
पण माणसांची देणी त्याआधी माणसांतच फेडायची,
देव ती हातात घेत नाही.

हरिपुरात पेव उघडायचं होतं.
झाकण काढलं तरी कोणी लगेच उतरत नाही,
कोंडलेली हवा माणूस मारते.
आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं.
हमाल लांब चिंचेखाली विड्या ओढत,
काठावर आम्ही दोघंच.
मी हळूच म्हटलं, "भूपाल, गुडघा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडेल, ही मला भीती.
चारचौघांत कुणाचा रंग उतरवणं म्हणजे त्याचं रक्त काढणं,
असं आमच्यात मानतात.
तो मातीकडे बघत म्हणाला,
"कवापास्नं दिसतंय?"
"चैत्रापासून."
त्यानं बोटांवर महिने मोजले.
"पहिल्या दिवशी बोलला असतासा
तर ते पहिलंच पोतं हुतं, सायेब.
सहा म्हैने मला चांगला समजत बसलासा.
तेवढा मी नव्हतो.
कुणीतरी अडवंल म्हणून वाट बघत हुतो बहुतेक."

दोरी हलली. खाली ज्योत बारीक झाली, विझली नाही.

"आणि तुमच्या शनवारच्या सह्या सोमवारी हुत्यात,
ते बी दिसतंय मला.
म्हटलं, व्रत असंल."
"व्रतच आहे."
"मग तशी रजा मांडा की."

कंदील वर घेतला.
हळदीचा जुना, ओला वास आला,
आणि आम्ही आळीपाळीनं खाली उतरलो.

त्यानंतर गुडघा दिसला नाही.
एकदाच दिसला, दुसऱ्या वर्षी, थंडीत.
दुखत असेल, मी मनात म्हटलं.
मग पेटी खाली ठेवली, जवळ गेलो
आणि त्यालाच विचारलं,
"दुखतंय का?"