चार चिंध्या

आधी बॅटरीचं निगेटिव्ह.
मग पंपाचा फ्यूज काढून
गाडी उपाशी चालवायची,
लाइनीतलं पेट्रोल संपून आपोआप गप्प होईपर्यंत.
भरल्या नळीला हात लावायचा नसतो, म्हणतात गफूरमामा,
आणि इंजिन गार होईस्तोवर चहा.

हर्डीकरबाईंची झेन, दोन हजार दोनची,
सिग्नलला उभी राहिली की थरथरते.
"माझ्यापेक्षा बरीय," म्हणाल्या बाई,
"कर्वे रोड तेवढा चढू दे."

प्रत्येक नळीला मी दोरा बांधला,
लाल, हिरवा, पुड्याचा पांढरा.
पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचं चित्र काढून
जिथला बोल्ट तिथंच खोचला.
मामांनी पाहिलं, बोलले नाहीत.
त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी,
हे कळायला मला आठ महिने लागले.

मॅनिफोल्ड उचललं
तर हेडची चार तोंडं उघडी,
काळी, ओलसर.
"बुजव! एक वॉशर आत गेला
तर अख्खं हेड तू उतरवणार."
आईच्या जुन्या परकराच्या चार चिंध्या कोंबल्या.
मोठ्यानं मोजल्या.

जुनं गॅस्केट लाकडी पट्टीनंच खरवडलं.
अ‍ॅल्युमिनियम मऊ, ओरखडा विसरत नाही.
नवं नाना पेठेतून आलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पापडासारखं.

काढताना पुन्हा मोजल्या.
तीन.

पुठ्ठा उलटला, ट्रे झटकला,
गाडीखाली आडवी झाले.
मग दिसलं:
मामा स्टुलावर बसून चष्मा पुसतायत,
निळ्या काठाच्या चिंधीनं.

त्यांनी चिंधीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
चाळीस वर्षांचा हात, काळा तेलकट,
हवेतच थांबला.
मी टॉर्च मारून चौथ्या तोंडात डोकावले.
स्वच्छ.
"चार," म्हणाले मी. एवढंच.

मधल्या बोल्टपासून बाहेर,
एकदा हलकं, एकदा बऱ्यापैकी,
तिसऱ्यांदा टॉर्क पाना कट् म्हणेपर्यंत.
तो कट् मामांना आता ऐकू येत नाही,
ते माझ्या भुवईकडे बघतात.

फ्यूज, निगेटिव्ह, किल्ली.
गाडी खोकली, धरली.
मामांनी हातभर रबरी नळी मला दिली.
आजवर ती त्यांच्याच कानाला असायची.
एक टोक कानात, दुसरं
जोडावरून सावकाश फिरवत
मी शोधत होते तो बारीक स्स्स.

मामा माझ्या भुवईकडे बघत होते.