फोटोखालची ओळ

प्रोजेक्टरचा निळा डाग आधी भिंतीवर, मग माझ्या शर्टावर,
मग फोटो:
खाडी, होडी, कमरेत वाकलेला माणूस,
हातात जाळं, जाळ्यात पिशव्या, बाटल्या, एक चप्पल.
खाली छापलंय, ‘खाडीचा मारेकरी’.

नेरूळ. दुसरा मजला. एफवायच्या बासष्ट पोरांपैकी जागी चाळीसेक.
पंखा आहे, वारा नाही.
मी विचारतो, फोटो काढणारा कुठे उभा होता?
‘पुलावर, सर.’
‘गाडीतूनच काढलाय, कोपऱ्यात काच चमकतेय.’
आणि चौकटीबाहेर काय राहिलं असेल?
यावर सगळे आपापल्या मोबाइलच्या चौकटीत बघतात.

मागच्या बाकावरून दर्शिता नाखवा,
हजेरीपलीकडे जिचा आवाज मी ऐकलाच नव्हता:
‘सर, पाणी बघा ना. जाळ्यातून निथळतंय.
फेकायला आणलेला कचरा ओला कसा असेल?
तो टाकत नाहीये. काढतोय.’

बाकं करकरतात.
कुणीतरी पडद्याशी जाऊन बोटाने थेंब मोजतो.
सात. आठवा त्याच्या सावलीत गेला.

मला मागचं वर्ष आठवतं.
हाच फोटो, विषय ‘प्रदूषण : एक समस्या’.
साठ निबंधांनी या माणसाला धू धू धुतलं
आणि मी ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलो.
एकाला तर ‘उत्तम निरीक्षण’ असा शेरासुद्धा.

म्हटलं, आज निबंध नको. फोटोखालची ओळ लिहा.
बारा शब्द. तेरावा आला की एक गुण गेला.
घंटेपर्यंत नुसती खाडाखोड.

वही देताना दर्शिता म्हणाली,
‘काकाने तो पेपर जपून ठेवलाय, सर.
वाचता येत नाही त्याला.
फोटो छान आलाय म्हणतो.’

रात्री, जेवणं झाल्यावर, तिची वही:

‘दिवाळे जेट्टी, भरती ओसरताना.
जाळ्यात मासळी कमी, तुमच्या पिशव्या जास्त.
ओढणारा : हरेश्वर नाखवा.’

मोजले. तेरा.
नाव खोडता येत नाही, तेच तर इतके दिवस खोडलेलं होतं.
जेट्टी हवी. भरती हवी.
लाल पेन ‘तुमच्या’पाशी येऊन थांबतं,
टेकतं, एक ठिपका पडतो.

ओट्यावर सकाळच्या कोळंबीची काळी पिशवी
रिकामी, अजून ओली.

गुण उद्या देईन म्हणतो.