फणी

तिसरीच्या वर्गात उवा झाल्यात,
एवढंच होतं शाळेच्या चिठ्ठीत. नाव कुणाचंच नाही.
सोमवारी स्विंडनच्या त्या फाटकापाशी
आम्ही आया जरा लांब लांब उभ्या,
छत्रीला छत्री लागणार नाही अशा.

बोझेना माझ्या शर्वीच्या तेलकट वेणीकडे बघत होती.
मी, खोटं कशाला सांगू,
होदानच्या इल्यासकडे.
बाईंना मेलही टाकला होता रात्रीच:
हिची जागा बदलता आली तर बरं.

संध्याकाळी वर्तमानपत्र पसरलं,
आईनं बॅगेत कोंबलेली लाकडी फणी काढली.
पहिल्याच फेरीत तीन. मग लिखा.
नखावर नख. टच्च.
"कुणाच्या डोक्याला डोकं लावून बसतेस गं?"
"सगळ्यांच्या. आमच्या टेबलावर गोगलगाय आहे ना,
ती शिंगं बाहेर काढते तेव्हा
सगळ्यांनी वाकायचं असतं."

इल्यासच्या डोक्यात एकही निघाली नाही.
होदाननंच सांगितलं, हसत. वर म्हणाली,
तुझी ती फणी बोझेनाला देशील का?
दुकानातली काही कामाची नाही.

उकळून दिली.

गुरुवारी बाईंचं उत्तर आलं:
जागा बदलली आहे.
शर्वी दोन दिवस म्हणतेय,
गोगलगाय दिसत नाही.