कै सडिल बिडि

काचेवर आलेला तुकडा
तुरीच्या डाळीहूनही लहान.
थायरॉइडच्या पाठीला चिकटून निघालाय, न बोलावता.
बावन्न वर्षं मालुताई खवऱ्यांच्या गळ्यात होता,
त्यांना पत्ताच नव्हता.

मी भिंग फिरवतो.
फिकट अंगाच्या बारक्या पेशी, दाटीनं बसलेल्या,
प्रत्येकीत जांभळा गोल डोळा.
रक्तातला चुना चाखत बसायचं, एवढंच यांचं काम.
चिमूटभर उतरला की हाडांना सांगावा: सोडा थोडा.
मूत्रपिंडाला सांगावा: धरून ठेवा.
मध्येच चार-दोन थोराड, गुलाबी,
निपाणी स्टँडवर बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.
काय करतात, कुणाला नक्की सांगता येत नाही,
वयाबरोबर संख्या मात्र वाढते.

असे चार दाणे असतात.
एक माझ्या काचेवर.
उरलेले तीन गळ्यातच, पण धक्क्यानं गप्प.

तिसऱ्या मजल्यावर गेलो रक्त घ्यायला.
“व्हटाला मुंग्या आल्यात,
पानात चुना जास्त पडल्यागत.”
जास्त नाही मावशी, कमी पडलाय.
“जल्म तंबाकूत गेला, आन् चुना कमी?”

दानम्मा सिस्टरनी दंडाचा पट्टा फुगवला
आणि घड्याळ बघत राहिल्या.
तिसऱ्या मिनिटाला
मनगट दुमडलं. बोटं ताठ, एकमेकांना जुळलेली.
अंगठा तळव्यात शिरला.
दिवसाला हजार पानांची तोंडं मिटणारा हात
पान नसताना मिटला.

“कै सडिल बिडि, अव्वा.”
“आता कुठली बिडी वळू, बाई?
सूपबी घरी, सूतबी घरी.”

सिस्टर हसल्या, मीही हसलो,
आणि त्यांच्या भाषेत बिडि म्हणजे सोडा
हे सांगायचं राहूनच गेलं.
सुईतून कॅल्शियम सावकाश चाललं होतं,
घाई केली तर काळीज बिथरतं.
आधी करंगळी सुटली.
मग बाकीची, एकेक करत, नाराजीनं.
रिपोर्टात मी लिहिलं: सहा पॉइंट नऊ.
खाली साडेआठ, वर साडेदहा,
एवढ्याच पट्ट्यात माणूस धड असतो.

महिन्यानं त्या आल्या. आठ पॉइंट सात.
तिघांतला कोण जागा झाला, एक की सगळेच,
कळायला मार्ग नाही.
टेबलावर त्यांनी पंजा पसरून ठेवला,
नखांत अजून तंबाखूची पिवळट कड.
“बघा,” म्हणाल्या, “सडिल.”
आणि थांबून, अगदी सिस्टरसारखं, ऱ्हस्व:
“बिडि.”

म्हणजे ठाऊक होतं तर.